सातनंतर हमी नाही

लग्नाची सीडी आता कुठल्याच यंत्रात चालत नाही.
भाच्यानं, मयूरेशनं, ती कात्रीनं कापली,
बुटाच्या खोक्याला पात्यानं बारीक फट पाडली,
आत काळा कागद, सीडीचा तुकडा तिरका.
"मामा, एक डोळा मिटा. आता ट्यूबकडे धरा."

चोपड्यात आमचं मॅचिंग सेंटर, भावसारांचं.
भिंतभर ठाण. लाल म्हणाल तर एकवीस प्रकारचे.
वडील गिऱ्हाइकाला साडी देऊन उंबऱ्यात उभं करायचे,
स्वतः मागे उभे, हात पाठीशी,
आणि ऊन काय म्हणतंय त्याची वाट बघायचे.
मी आत बसवतो. आत पंखा आहे.

परवा धुरपताबाई आल्या गोरगावल्याहून,
तुकडा गल्ल्यावर टाकला:
"भाऊ, हाऊ रंग घर जाईसनी बदली गया."
मी साडी पसरली, वर तुकडा ठेवला.
ट्यूबखाली दोन्ही मरून. सुईचंही अंतर नाही.
"चला बाहेर," त्या म्हणाल्या.
बाहेर साडी जांभळाच्या डागासारखी
आणि तुकडा सरळ सरळ वीट.
ऐंशी रुपये परत दिले, पण मनातून नाही दिले.

म्हणून हे खोकं.

ट्यूबमध्ये पट्टा नव्हताच.
उभ्या रेघा नुसत्या: जांभळी, हिरवी, एक नारिंगी-तांबडी,
आणि मध्ये अंधार,
जसा घड उभा आहे केळीचा
पण मधल्या फण्या कुणी रात्रीच उतरवून नेल्या.

गल्ल्यावरचा एलईडी:
निळा एकटाच ताठ, पाटलाच्या पोरासारखा,
त्याच्याशेजारी खळगा,
मग हिरवा-पिवळा ऐसपैस, मांडी घालून बसलेला,
आणि तांबड्याच्या बांधापर्यंत येता येता दमलेला.

देवाजवळचा झिरोचा बल्ब, काजळी धरलेला,
अख्खा. कुठे फट नाही.
निळ्याकडे जरा उधारी,
तांबड्याला मात्र हात सैल.

रात्री स्टँडवर गेलो सोडियम बघायला.
रसवंतीवाला म्हणाला, शेठ, खोक्यात काय घेतलं?
पिवळा, पिवळा, डोळ्यात मावेना एवढा,
आणि त्याच्या बरोबर मधोमध काळी रेघ.
मयूरेश म्हणतो, दिव्याच्या कडेचा थंड वायू
दिव्याचाच पिवळा गिळतो.
मला माझे दोन भाऊ आठवले. ते असो.

एवढं कळलं, की कापडाकडे स्वतःचं काही नसतं.
दिवा जे टाकतो त्यातलंच ते परत करतं.
ट्यूबनं त्या दोन मरूनांना
जिथे वेगळं व्हायचं होतं तेवढीच जागा दिली नाही,
म्हणून ते माझ्या दुकानात सख्खे झाले.
चाळीस वर्षांत किती सख्खे विकले असतील मी.

घरी आलो. हिला म्हटलं, शालू काढ.
जळगावला घेतला होता, रात्री, आठ दुकानं फिरून.
मग मांडवात व्हिडिओवाल्याचा हजारचा दिवा,
घामानं सगळ्यांचे चेहरे वितळत होते
आणि शालू असा पेटलेला, डाळिंबाच्या आतल्यासारखा.
एलईडीखाली तो तपकिरी दिसला. जुन्या गुळाचा.
मी म्हटलं, बिचाऱ्याचा काय रंग होता!
ती म्हणाली, "असाच होता. मी सासरी आल्यावर
पहिल्या सकाळी दारात धरून पाहिला होता."
"मग बोलली नाहीस?"
"बोलून काय, तुम्ही तो उंबऱ्यात विकला असता?"
आणि शालूची घडी नेफ्थलीनच्या गोळीसकट परत पेटीत.

आज सकाळी पुठ्ठा कापला,
खोक्याचाच उरलेला,
आणि दारावर लावलं, वडिलांच्या अक्षराची नक्कल करत:

मॅचिंग उन्हात पाहून घ्यावे.
सातनंतर दाखवू. हमी नाही.

दुपारी धुरपताबाई परत आल्या.
पाटी वाचली नाही. वाचता येत नाही त्यांना.
सरळ ठाण उचललं आणि उंबऱ्याकडे चालू लागल्या.